रात्री गाडी कोण आणणार?

आईकडे दोन वह्या आहेत. पहिली सरकारी. तिच्यात रकाने आहेत: गरोदर मातेचं नाव, शेवटच्या पाळीची तारीख, प्रसूतीची संभाव्य तारीख, हिमोग्लोबिन, इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या. दुसरी वही किराणा दुकानातून आणलेली, दोनशे पानी, हिरव्या पुठ्ठ्याची. तिच्यात रकाने नाहीत. एका बाईला एक पान, आणि पानावर आईच्या तिरक्या अक्षरात पाच प्रश्नांची उत्तरं. कुठल्या दवाखान्यात जायचं? सोबत कोण येणार? पैसे कुठे ठेवलेत? मोठं पोरगं कोणाकडे सोडायचं? आणि रात्री गाडी कोण आणणार?

शेवटचा प्रश्न आई सगळ्यांत आधी विचारते.

माझी आई नाशिकला इंदिरानगरात आशा आहे. शासनाच्या कागदांवर 'आशा स्वयंसेविका'. तिच्याकडे राजीवनगरच्या वस्तीतल्या काही गल्ल्या आहेत आणि वडाळा-पाथर्डी रस्त्याकडेला जिथे जिथे इमारती उभ्या राहताहेत तिथल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. तुम्ही नाशिकचे असाल तर म्हणाल, इंदिरानगरात गाडीची काय अडचण? रिक्षा आहे, अॅप आहे, १०८ आहे, दर दोन चौकांत मॅटर्निटी होमची पाटी आहे. मीही हेच म्हणायचे. मग एम.ए.ला इतिहास घेतला, एका पेपरसाठी स्थानिक विषय हवा होता आणि घरात आयता कागदपत्रांचा साठा होता. आईने हिरवी वही दिली, पण अट घातली: एकाही बाईचं नाव बाहेर जाता कामा नये. म्हणून या लेखात त्या बायकांची नावं नाहीत.

वही वाचून झाल्यावर डोक्यात एकच प्रश्न राहिला. हे पाच प्रश्न विचारायचं काम आपल्याकडे आजवर कोणी केलं? आणि त्या बाईला आपण काय म्हणत आलो, काय देत आलो?

मागे जायला लागले तर पहिला मुक्काम पुण्यात लागला. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गरोदर राहिलेल्या विधवांनी तिथे यावं, गुप्तपणे बाळंत व्हावं, मूल ठेवायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. हे आपण शाळेत वाचलेलं असतं. यशवंतची गोष्टही वाचलेली असते: काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा, १८७४ साली दत्तक घेतला, पुढे डॉक्टर झाला. शाळेत वाचलेलं नसतं ते जोतिरावांनी १८८४ साली, बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर मत देताना लिहिलं आहे. तोवर त्या घरात पस्तीस विधवा बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत होती. तीस गेली, कारण दिवस गेल्याचं लपवायला आयांनी आधीच विषारी औषधं घेतली असणार, असं जोतिराव लिहितात.

पस्तीसमधली पाच. या आकड्यापाशी मी बराच वेळ अडकले. घर होतं, गरम पाणी होतं, दार उघडं होतं, आत सावित्रीबाईंसारखी बाई होती. पण ती बाई त्या दारापर्यंत येईतो सगळं होऊन गेलेलं असायचं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, ती घाबरून कुठलातरी काढा पीत असताना, तिला विचारायला जवळ कोणी नव्हतं.

सार्वजनिक आरोग्यात यासाठी एक चौकट वापरतात. १९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन संशोधक बायकांनी एक निबंध लिहिला. बाळंतपणात बाया का मरतात, या प्रश्नाचं त्यांनी दिलेलं उत्तर तीन उशिरांचं आहे. पहिला उशीर घरात, जायचं की नाही हे ठरवण्यात. दुसरा रस्त्यावर, पोचण्यात. तिसरा दवाखान्यात, पोचल्यावर उपचार मिळण्यात. आईने हा निबंध वाचलेला नाही. तिच्या पाच प्रश्नांतले चार पहिल्या दोन उशिरांवरचे आहेत. तिसऱ्यावर तिचा इलाज नाही, आणि ते तिला माहीत आहे.

आता आजीकडे येते, कारण ती या गोष्टीतलं माझं सगळ्यांत आवडतं पात्र आहे.

माझी आजी, म्हणजे आईची आई, सिन्नर तालुक्यातल्या एका गावात सुईण होती. सुईणपण तिच्याकडे सासूकडून आलं. अनेक गावांत हे काम मांग, महार, न्हावी अशा ठरावीक जातींच्या बायकांकडेच असायचं, कारण नाळ कापणं, वार पुरणं, रक्ताचे कपडे धुणं हा विटाळ. आजी सांगते, ज्या घरात ती रात्रभर बाईच्या पाठीला टेकू देऊन बसलेली असायची, त्याच घरात सकाळी तिला चहा दाराबाहेरच्या वेगळ्या कपात मिळायचा. पाचवीला सटवाईची पूजा झाली की लुगडं, नारळ, पायलीभर धान्य. मुलगी झाली तर धान्य कमी. हे सांगताना ती हसते. मला हसू येत नाही.

यंदा दिवाळीत मी तिला मुद्दाम विचारलं, "आजी, बाई अडली तर तुम्ही काय करायचात? गाडी तर नव्हती."

"गाडी नव्हती, बैलगाडी होती की," ती म्हणाली. "दिवस भरत आले की मी घरधन्याला विचारून ठेवायचे, बैल रात्री कुठं बांधताय? मळ्यात का घरी?"

मी आईकडे पाहिलं. आई शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही, पण ती ऐकत होती.

आजीसारख्या बायांवर सरकारची नजर फार आधीपासून होती. १९०३ साली लेडी कर्झन यांनी राणी व्हिक्टोरियाच्या स्मरणार्थ एक निधी उभारला, देशी दायांना शिकवण्यासाठी. त्या काळातल्या डॉक्टरणींच्या लिखाणात दाई बहुतेक ठिकाणी एकाच रूपात दिसते: मळकट, अडाणी, हट्टी. ते सगळं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. धनुर्वाताने अर्भकं मरत होती आणि नाळ विळ्याने कापली जात होती. पण लुगडं आणि पायलीभर धान्यावर राबणाऱ्या बाईने साबण आणि नवं पातं कुठून आणायचं, याचा विचार त्या वर्णनांत क्वचितच दिसतो.

१९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. त्यातला अंदाज असा की देशात दर हजार जन्मांमागे वीस आया मरतात, वर्षाला सुमारे दोन लाख. प्रशिक्षित सुईणी पुरेशा होईपर्यंत गावच्या दाईला शिकवून तिच्याकडूनच काम करून घ्यावं, असं समितीचं म्हणणं होतं. 'होईपर्यंत' हा काळ साठ वर्षं टिकला. आजीचं प्रशिक्षण झालं ते ऐंशीच्या दशकात, प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिला एक पत्र्याची पेटी मिळाली. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ, या पाच गोष्टी ती अजून बोटांवर मोजून दाखवते. मग २००५नंतर सगळा जोर दवाखान्यातल्या बाळंतपणावर आला आणि आजीला सांगण्यात आलं की आता घरी बाळंतपण करायचं नाही, बाईला दवाखान्यात पाठवायचं. निरोपसमारंभ वगैरे काही झाला नाही. त्या पेटीत ती आता सुया आणि बटणं ठेवते.

दवाखान्यातलं बाळंतपण अधिक सुरक्षित आहे याबद्दल मला शंका नाही. आजीलाही नाही, तिच्या हातून दोन बाया गेल्या आहेत आणि ती त्यांची नावं विसरलेली नाही. पण नाळ कापण्यासोबत बैल कुठे बांधलेत हे विचारण्याचं कामही तिचंच होतं. तिला बाजूला केलं तेव्हा ते काम कोणाकडे गेलं?

याचं उत्तर आजीच्या प्रशिक्षणाच्याही आधी, शेजारच्या नगर जिल्ह्यात (आताचं अहिल्यानगर) तयार होत होतं. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं जामखेडला आलं. वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास, आणि मग हा दुष्काळी तालुका. सुरुवातीचा त्यांचा बेत सरळ होता: शिकलेल्या नर्स गावांत राहतील आणि काम करतील. तो फसला. बाहेरून आलेली तरुण नर्स गावात एकटी राहायला तयार नव्हती, आणि राहिली तरी गावच्या बाया तिच्याशी मोकळ्या होत नव्हत्या. मग एका सरपंचाने सुचवलं की आमच्याच गावातली बाई घ्या ना.

गावांनी बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, अनेक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या ठरलेल्या दिवशी जामखेडला यायच्या, वेगवेगळ्या जातींच्या बाया एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या, शिकून परत जायच्या. गरोदर बाईच्या पायाला सूज आहे का, डोळ्यांची आतली बाजू पांढरी पडली आहे का, आधीचं बाळंतपण अडलं होतं का, हे त्या बघायला शिकल्या. साधं बाळंतपण त्या स्वतः करायच्या आणि धोक्याचं वेळीच ओळखून जामखेडला पाठवायच्या. अडल्यावर पाठवणं आणि अडण्याआधी पाठवणं यात बाईचा जीव असतो, आणि हे शिकवायला शाळेची पाटी लागत नाही हे जामखेडने दाखवलं. १९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्या बायांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं की डॉक्टर त्या झुंबरासारखे असतात, महाग आणि उंचावरचे, आणि आम्ही छोट्या पणत्या, पण एका पणतीने दुसरी लावता येते. ही उपमा पुढे जगभर सांगितली गेली. मला ती आवडते. तरी आईच्या शेजारी बसून वाचताना मनात येतं की पणतीलाही तेल लागतं.

जामखेडची बाई पगारी नोकर नव्हती. काही ठिकाणी याला कारण असतं: गावाने निवडलेली बाई सरकारची झाली की गावाची राहत नाही, असा एक प्रामाणिक युक्तिवाद आहे. पण हाच युक्तिवाद सरकारच्या हाती गेला की त्याचं काय होतं ते बघा. २ ऑक्टोबर १९७७ला जनता पक्षाच्या सरकारने देशभर योजना काढली, दर हजार लोकसंख्येमागे गावातलाच एक आरोग्य कार्यकर्ता. निवडले गेले ते बहुतेक पुरुष! गरोदर बाईने आपल्या अंगावरून किती जातंय हे गावातल्या कोणा भाऊरावांना सांगायचं, अशी अपेक्षा होती. मानधन महिना पन्नास रुपये. त्या कार्यकर्त्यांनी संघटित होऊन नोकरी मागायला सुरुवात केली, आणि या योजनेचं नाव बदलत गेलं. १९७७ साली 'कार्यकर्ता' होता तो १९८० साली 'स्वयंसेवक' झाला आणि १९८१ साली 'आरोग्य मार्गदर्शक'. कार्यकर्ता पगार मागू शकतो. स्वयंसेवकाने मागितला तर त्याच्याच नावाला बट्टा लागतो. योजना पुढे रखडत रखडत संपली.

दरम्यान गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वेगळा प्रश्न धरला होता: जन्मल्यानंतरचे पहिले अठ्ठावीस दिवस. १९८६ साली त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. एकोणचाळीस गावांत गावच्याच बायांना, ज्यांना ते आरोग्यदूत म्हणतात, शिकवलं. गरोदरपणातच त्या घरी जायच्या, बाळंतपणाला सुईणीसोबत हजर राहायच्या, नंतर महिनाभर बाळाचं वजन, श्वास, ताप बघायच्या, आणि जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनही द्यायच्या. पाचवी-सातवी-दहावी शिकलेल्या बायांनी नवजात बाळाला इंजेक्शन द्यायचं! डिसेंबर १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. इतर गावांच्या तुलनेत नवजात मृत्युदर बासष्ट टक्क्यांनी कमी झाला होता. आज देशातली आशा बाळंतपणानंतर ठरलेल्या दिवशी घरी जाते, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, त्याचं मूळ गडचिरोलीत आहे. या सहा भेटींचे मिळून अडीचशे रुपये ठरले. एका भेटीचे किती होतात, तुम्हीच भागून बघा.

१२ एप्रिल २००५ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि आशा आली. इंग्रजी नावातला शेवटचा शब्द आहे 'अॅक्टिव्हिस्ट'. म्हणजे लढणारी, लोकांच्या बाजूने व्यवस्थेला जाब विचारणारी. मराठीत येताना तिची 'स्वयंसेविका' झाली. शब्द निवडणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे, पण १९८० सालचा तोच शब्द पुन्हा आला. पगार नाही, कामागणिक मोबदला. जननी सुरक्षा योजनेत शहरातल्या एका बाळंतपणामागे आशाला चारशे रुपये: दोनशे गरोदरपणातल्या तपासण्यांचे, दोनशे दवाखान्यात बाळंतपण झाल्याचे.

काम मात्र झालं. महाराष्ट्रात २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शंभरातली सुमारे पासष्ट बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१मध्ये सुमारे पंचाण्णव. राज्यातला मातामृत्यूचा आकडा २००४-०६मध्ये लाख जन्मांमागे १३० होता, २०१८-२०मध्ये ३३. याचं सगळं श्रेय आशांना देणं भाबडेपणा होईल. रस्ते झाले, मुली शिकल्या, मुलं कमी होऊ लागली, २०१४पासून १०८ धावू लागली. पण १०८ला फोन करा असं घरोघरी जाऊन सांगितलं कोणी?

शहरात आशा उशिरा आली. २०१३ साली राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू झालं, आणि मग काही वर्षांनी आमच्या आईने अर्ज भरला. शहराबद्दल एक समजूत असते की इथे दवाखाना जवळ आहे, म्हणजे प्रश्न सुटला. मुंबईत 'स्नेहा' या संस्थेने झोपडपट्ट्यांमधल्या अठ्ठेचाळीस भागांत एक मोठा अभ्यास केला. निम्म्या भागांत बायांचे गट बांधले, बाळंतपण आणि बाळाची काळजी यावर चर्चा घडवल्या. झारखंड-ओडिशात अशाच गटांनी नवजात मृत्यू बरेच कमी केले होते. मुंबईत, २०१२ साली छापलेल्या निष्कर्षांत, तशी सुधारणा दिसली नाही. संस्थेने ते लपवलं नाही, याचं मला कौतुक वाटतं. हे वाचून मी आईला विचारलं, "म्हणजे शहरात तुझं काम फुकट?"

ती म्हणाली, "गटात बसायला वेळ कोणाला आहे? आणि माझी बाई जागेवर असते का?"

त्या 'जागेवर'मध्ये शहराची सगळी गोष्ट आहे. आईच्या बायांपैकी निम्म्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडून आलेल्या. नवरा-बायको दोघं बांधकामावर. इमारत झाली की खोली हलते. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात बाई बस धरून जाते, ऐन पावसात, अशा पाड्यावर की जिथे ओढ्याला पाणी आलं की बाईला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. आदिवासी भागांत आरोग्य केंद्राजवळ 'माहेरघर' आहे, बाळंतपणाच्या काही दिवस आधी येऊन राहायला. पण त्याची माहिती तिला इंदिरानगरात कोण देणार, आणि तिकडच्या आशाला ती येते आहे हे कोण कळवणार? इकडच्या वहीतून तिचं नाव गेलं, तिकडच्या वहीत अजून आलं नाही. शिवाय बाळंतपण इथे झालं नाही म्हणजे आईचे त्यातले पैसेही गेले.

सरकारी वहीत अशा बाईपुढे एक शब्द लिहितात: 'स्थलांतरित'.

आईच्या पहिल्या वर्षातली एक बाई, एकोणीस वर्षांची, आठवा महिना, रक्तदाब थोडा वाढलेला. आईने गोळ्यांबद्दल सांगितलं, पुढची तारीख सांगितली. पुढच्या तारखेला खोलीला कुलूप. शेजारणीने सांगितलं, माहेरी गेली. आईने वहीत 'स्थलांतरित' लिहिलं आणि पान उलटलं. दीड महिन्याने त्या बाईचा नवरा सिमेंटच्या गोण्या उतरवताना दिसला. आईने विचारलं, काय झालं, मुलगा का मुलगी? तो म्हणाला, झटके आले. रात्र होती. जीप दुसऱ्या गावाला लग्नाला गेली होती.

त्याच संध्याकाळी आईने हिरवी वही आणली. मी तेव्हा शाळेत होते. आई दुकानातून आली आणि स्वयंपाक न करता लिहीत बसली, एवढंच मला आठवतं. कारण मला गेल्या वर्षी कळलं.

आता कोणी माहेरी निघाली की आई तिच्या गावच्या आशाचा नंबर मिळवते. कधी गटप्रवर्तकाकडून, कधी कोणाच्या कोणाकडून. फोन करते, तारीख सांगते, रक्तदाब सांगते, शेवटी तो प्रश्न विचारते. यासाठी सरकारी वहीत रकाना नाही, त्यामुळे मोबदलाही नाही.

२०२०च्या मार्चनंतर काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. आशा घरोघरी गेल्या, ताप मोजला, ऑक्सिजन मोजला. कोविडच्या कामाचे महिन्याला हजार रुपये ठरले. गरोदर बायांचं काम थांबलेलं नव्हतं, कारण पोटातलं बाळ लॉकडाऊन पाळत नाही. एकदा रात्री दोन वाजता आईने एका बाईला तीन ठिकाणी फिरवलं. आधी कोविडची चाचणी आणा म्हणून पहिल्या दोन्ही दारांनी परत पाठवलं होतं. पाच प्रश्नांची उत्तरं वहीत होती, रिक्षा होती, पैसे होते, सोबत सासू होती. तिसऱ्या ठिकाणी एका नर्सने आधी आत घेतलं आणि मग कागद मागितले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिले. आई घरी आली आणि अंगणातच साबणाने डोक्यावरून आंघोळ केली.

१५ जून २०२१ला महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या. आठवडाभराने थोडी वाढ मिळाली. २२ मे २०२२ला जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरव केला. आमच्या गल्लीत आईला कोणीतरी पेढे दिले. नंतर २०२३-२४मध्ये पुन्हा संप, पुन्हा आझाद मैदान. आईही तिथे गेली, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये हिरवी वही, कारण त्या आठवड्यात तीन बायांचे दिवस भरत होते. मैदानात बसून ती फोनवर विचारत होती, पाणी गेलं का, कळा किती मिनिटांनी येताहेत, रिक्षावाल्या दादांना उठवलं का. संप आहे, मी येणार नाही, असं तिला म्हणता आलं नाही. मार्च २०२४मध्ये राज्याने महिना पाच हजारांची वाढ दिली. शेजारची एक काकू म्हणाली, "आता तर तुम्हाला पगारच झाला की." आई म्हणाली, "पगार नाही हो, मानधन."

या दोन शब्दांवर मी पेपर लिहिला. सरांनी बरे गुण दिले आणि शेरा मारला की कौटुंबिक साधनांवर फार भर आहे.

गेल्या महिन्यात माझ्या वहिनीला सातवा लागला. आमच्याच घरात, चहा पिताना, आईने हिरवी वही काढली, नवं पान उघडलं, वर तारीख घातली. दादा हसायला लागला. "आई, आपण इंदिरानगरात राहतो. दवाखाना दहा मिनिटांवर आहे. माझी बाईक आहे."

"कळा येणारी बाई बाईकवर बसवणार?"

"मग रिक्षा करू."

"पहाटे तीनला? कोणाची? नंबर सांग."

दादाने मोबाइल काढला, वर-खाली केला. मग म्हणाला, कोपऱ्यावरच्या भाऊंना विचारून ठेवतो. आईने ते लिहिलं नाही. पेन हातात धरून ती थांबून राहिली. दादा उठला, चपला घातल्या आणि विचारायला गेला.